१५ किलोत डायव्हिंगचं सामान: बॅग परतीच्या दिवसापासून मागे मोजत भरा

खाजणकाठ
मंगळवार, रात्री १०.२५

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला निघतेय. पाच दिवस डायव्हिंग, स्वराज द्वीपवर, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकवर. दिवाणावर सगळं सामान पसरलंय आणि तीन दिवस ते तिथेच आहे. बॅगेत टाकायच्या आधी गेल्या वर्षी माझं काय झालं ते इथे मांडायचं होतं. दर हंगामात कुणी ना कुणी पहिल्यांदा स्वतःचं सामान घेऊन निघतं, त्यांना उपयोग होईल.

गेल्या वर्षी जाताना दादरहून निघालेली बॅग १४.७ किलो होती. देशी विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलो चालतात, त्यामुळे मी निर्धास्त. परतताना बॅग तीच, सामान तेच, एक टी-शर्टसुद्धा विकत घेतला नव्हता, आणि विमानतळाच्या काट्यावर आकडा १८.३. साडेतीन किलो पाणी मी पैसे मोजून मुंबईला आणलं. शेवटच्या डाइव्हनंतर वेटसूट (डायव्हिंगचा निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा पोशाख) खोलीच्या बाथरूममध्ये टांगला होता. तिथे वारा नव्हता, रात्रभर तो नुसता ठिबकत राहिला. सकाळी फेरी गाठायची म्हणून सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं. घरी आल्यावर दोन दिवस ऑफिसच्या गडबडीत बॅग उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा बुटांना कुबट वास लागला होता आणि बीसीडीच्या, म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळायला हवा भरतात त्या जॅकेटच्या, खिशाच्या आत काळे ठिपके धरले होते. तो वास जायला महिना लागला.

तेव्हापासून मी बॅग उलटीकडून भरते. आधी परतीचं विमान किती वाजता ते बघते. तिथून मागे मोजत शेवटची डाइव्ह कधी संपली पाहिजे ते ठरवते. मधे जेवढा वेळ उरतो तेवढ्यात काय काय वाळेल याचा विचार करते. जे वाळणार नाही ते मुंबईहून नेत नाही, तिथेच भाड्याने घेते.

हा मधला वेळ तसाही ठेवावाच लागतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा की डिकॉम्प्रेशन (वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) न लागणारी एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास थांबा, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. आपण पाच दिवस रोज दोन-तीनदा पाण्यात जाणार, म्हणजे आपल्याला १८ हा कमीत कमी आकडा. मी २४ धरते. खोलवर दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो नंतर सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो. उरलेला नायट्रोजन तेव्हा बुडबुड्यांच्या रूपात सुटला तर सांधे, मज्जारज्जू, काहीही धरू शकतं. इथे घासाघीस नको.

गेल्या वर्षी ते चोवीस तास मी पाळले, पण नुसते बसून काढले. ते वाळवणाचेही तास आहेत हे लक्षात आलं नाही. यंदा शेवटची डाइव्ह सकाळी साडेदहाच्या आत आटपायची, आणि दुपारभर सगळं सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर. फेरी दुसऱ्या दिवशी सकाळची, विमान दुपारचं.

दिवाणावर आत्ता आहे ते असं. रेग्युलेटरचा संच, म्हणजे टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारी नळ्यांची जोडणी, २.९ किलो, तो हातातल्या बॅगेत जाईल. दोन मास्क मिळून अर्धा किलो. फिन्स, टाच उघडी असलेले, १.७. तीन मिलिमीटरचा वेटसूट कोरडा १.६, आणि नुसता निथळून घेतलेला अडीचच्या पुढे जातो, हे घरी बादलीत बुडवून तोलून पाहिलंय. बूट ८०० ग्रॅम. बीसीडी २.९. सिलिंडर आणि बुडायला लागणारं वजनाचं शिसं अर्थातच तिथलं. नेहमीचा ॲल्युमिनियमचा ८० घनफुटी टँक रिकामाच १४ किलोंच्या आसपास असतो, तो मुंबईहून नेण्याचा प्रश्नच नाही.

माझं अडलंय ते बीसीडीवर. नेऊ की तिथलं घेऊ? आणि बुटांचं तुम्ही काय करता? ते माझ्याकडे कधीच पूर्ण वाळत नाहीत.

निळीशाई
मंगळवार, रात्री ११.०२

वाचनखूण साठवली. ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. डिसेंबरमध्ये ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला) कोर्स केला, मार्चमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर निघतेय. माझ्याकडे स्वतःचं काहीच नाही. पहिली वस्तू कुठली घ्यावी? चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे चार.

तळठाव
बुधवार, सकाळी ६.४०

निळीशाई, पहिली वस्तू मास्क. बाकी सगळं भाड्याचं चालेल, मास्क चालत नाही. भाड्याच्या मास्कची काच चांगली असली तरी तो तुमच्या चेहऱ्यासाठी बनलेला नसतो, आणि गळणाऱ्या मास्कमध्ये नवीन माणसाचं सगळं लक्ष नाकाशी साचणाऱ्या पाण्यावर राहतं. मग मासे कोण बघणार आणि हवा किती उरली ते तरी कोण बघणार?

दुकानात पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क जागेवर राहिला तर बसतोय. केसांची एक बट कडेखाली आली तरी गळेल, तेव्हा केस मागे घेऊन बघा. उणे चार असेल तर नंबराच्या काचा बसवता येणारा दोन काचांचा मास्क घ्या. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात म्हणून काहीजण चष्म्याशिवाय चालवून घेतात. पण उणे चारला बोटीची शिडी शोधणं आणि मनगटावरचा आकडा वाचणं या दोन्हींसाठी नंबर हवाच.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुवा, नाहीतर कितीही थुंकलात तरी वाफ धरेल. मास्क त्याच्या कडक डब्यातच ठेवा. पारदर्शक सिलिकॉनला काळ्या रबराचा डाग लागतो आणि तो निघत नाही, म्हणून फिन्सच्या पट्ट्याला चिकटून मास्क ठेवू नका. जायच्या आधी पालिकेच्या तरणतलावात एकदा घालून बघा. विकत घेतलेला मास्क डब्यातून पहिल्यांदा बोटीवर काढणारे बरेच पाहिलेत.

दुसरी वस्तू डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र. रेग्युलेटर बराच नंतर. तो घेतला की त्याची सर्व्हिसिंगही आली, वर्षातून एकदा किंवा उत्पादक सांगेल तशी.

खाजणकाठ, बुटांचं सांगतो. वर्तमानपत्र. आत बोळे कोंबायचे, दोन तासांनी काढून नवे घालायचे. तीनदा केलं की बूट वाळतो. जाताना लोकसत्ताच्या जुन्या दोन-तीन पुरवण्या बॅगेत टाका. जाताना त्यांतच टॉर्च गुंडाळता येतो.

कुडाळकर_परळ
बुधवार, सकाळी ९.१५

अंदमानवाल्यांना १५ किलोंचा काच, आम्ही तारकर्ली-मालवणवाले त्यातून सुटलो. रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून रिक्षाने मालवण. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायरला माणशी ४० किलो फुकट. फक्त बॅग बर्थखाली जाते का ते बघा. लांब फिन्सची बॅग जात नाही, मी एकदा पायाशी उभी धरून रात्र काढलीय.

पण मालवणवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची, म्हणून लिहितोय. आपण म्हणतो विमान नाही तर १८ तासांचं बंधन नाही. पण ते बंधन उंचीचं आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा तोच सल्ला २,००० फुटांपासून पुढच्या उंचीला लागू होतो, म्हणजे सुमारे ६१० मीटर. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. बरेच मुंबईकर सकाळी दोन डाइव्ह करून दुपारी आंबोली चढून कोल्हापूर-पुणे मार्गाने परततात. पुढे लोणावळाही सहाशेच्या वरच. महामार्ग ६६ ने कोकणातून आलात तर एवढी उंची लागत नाही. मी स्वतः ग्रुपमधल्या सगळ्यांना खालच्या रस्त्यानेच आणतो, कंटाळा आला तरी. घाटाने यायचंच असेल तर एक रात्र मालवणात राहा.

खाजणकाठ
बुधवार, दुपारी १.३०

कुडाळकर, हे मला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तारकर्लीहून संध्याकाळी आंबोलीला मुक्कामाला गेलो होतो, थंड हवा म्हणून. त्या दिवशी तीन डाइव्ह झाल्या होत्या. काही झालं नाही हे नशीब. धागा संपादित करून वरच्या मजकुरात हे घालते.

तळठाव, पुरवण्या बाजूला काढल्या. आणि रेग्युलेटर धुण्याचंही लिहा ना. मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही, सगळे नुसतं बादलीत बुडवतात.

लोकल_९०४
बुधवार, दुपारी २.१०

हातातल्या बॅगेबद्दल. मी दरवर्षी कॅमेरा, दिवे, टॉर्च घेऊन जातो, त्यामुळे सुरक्षा तपासणीत हमखास थांबवतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये घालायच्या नाहीत, हातातच. मर्यादा १०० वॉट-तास. बॅटरीवर वॉट-तास लिहिले नसतील तर व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर-तास, भागिले १०००. टॉर्चमध्ये घालतो ती ३.७ व्होल्टची ३४०० वाली बॅटरी साडेबारा वॉट-तासांची होते. २०,००० ची पॉवर बँक ७४. दोन्ही चालतात. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी.

प्रत्येक सुटी बॅटरी वेगळ्या डबीत ठेवा किंवा टोकांना चिकटपट्टी लावा. टॉर्चमधून बॅटरी काढूनच ठेवा. डायव्हिंगचे टॉर्च पाण्यात थंड राहतील या हिशेबाने बनवलेले असतात. बॅगेत बटण चुकून दाबलं गेलं तर शेजारचं कापड जळेल इतके तापतात.

रेग्युलेटर एक्स-रेत नळ्यांच्या गुंत्यासारखा दिसतो. मी तो वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतो, विचारलं तर पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र म्हणून सांगतो. दोन मिनिटांत सोडतात. सुरी मात्र हातात चुकूनही नको, दोरा कापायचा छोटा कटरसुद्धा चेक-इनमध्येच.

आणि एक. कॅमेऱ्याचं पाण्याखालचं हाउसिंग विमानात बंद करून नेऊ नका. केबिनमध्ये दाब कमी असताना ते बंद केलं किंवा आतली हवा झिरपून गेली, तर खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण आत दाबून धरतो आणि ते उघडत नाही. मुख्य ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) काढून वेगळ्या डबीत ठेवतो मी. पोचल्यावर ती बोटाने चाचपून, एकही केस नाही बघून, सिलिकॉन ग्रीसचा नावापुरता हात फिरवून परत बसवायची. ग्रीस जास्त झालं तर वाळू धरते.

तळठाव
बुधवार, रात्री ९.५०

रेग्युलेटर. हे सावकाश वाचा, कारण सर्व्हिसिंगला येणारे बरेचसे रेग्युलेटर डाइव्हने बिघडलेले नसतात, धुताना बिघडलेले असतात.

फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे टँकला जोडायच्या भागाच्या, तोंडावर जी टोपी असते, डस्ट कॅप, ती लावण्याआधी आतून कोरडी करा. बोटीवर टँकची हवा जोरात सोडून टोपी वाळवतात, कानाशी ती शिट्टी नको असेल तर फडक्याने पुसा. टोपी नीट घट्ट बसल्यावरच पाण्यात घालायचं. बादलीत असताना सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, मधलं बटण दाबायचं नाही. हवेचा दाब नसताना ते दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. आत मीठ साचतं, गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. शक्य असेल तर टँकला लावून, हवा सुरू ठेवून धुवा. मग बटण दाबायला हरकत नाही.

डाइव्ह सेंटरवरच्या सामाईक हौदात संध्याकाळपर्यंत पाणी खारं झालेलं असतं. त्यात बुडवून समाधान मानू नका. शेवटच्या दिवशी खोलीवरच्या नळाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, कोमट असेल तर अधिक चांगलं, मीठ सुटतं. मग लटकवताना फर्स्ट स्टेज वर आणि नळ्या खाली सरळ. बॅगेत घालताना मोठी वेटोळी. नळी जिथे धातूला जोडली आहे तिथे काटकोन पडू देऊ नका, चिरा तिथूनच सुरू होतात. प्रेशर गेजची काच कपड्यात गुंडाळून मधोमध.

डिन रेग्युलेटर (टँकमध्ये आट्यांनी बसणारा) असेल तर सेंटरला आधी फोन करून टँक कसले आहेत विचारा, आणि योकचा (टँकवर चिमट्यासारखी बसते त्या दुसऱ्या जोडणीचा) अडॅप्टर जवळ ठेवा. मुठीएवढी वस्तू आहे, पण नसली तर पूर्ण रेग्युलेटर पाच दिवस खोलीत पडून राहतो.

शिंपला
गुरुवार, सकाळी ८.०५

बीसीडीच्या बाबतीत मी ताईंच्या विरुद्ध मताचा. मी स्वतःचं नेतो आणि नेणारच. हवा सोडायचं बटण कुठे आहे हे हाताला न बघता कळलं पाहिजे. भाड्याच्या बीसीडीला कधी खांद्याच्या दोरीची गाठ वेगळीकडे, कधी खिसा विरुद्ध बाजूला. एकदा मला दिलेल्या जॅकेटचं इन्फ्लेटर (हवा भरायची बटणवाली नळी) हळूहळू आपोआप हवा भरत होतं. वर जायला लागलो तेव्हा कळलं. नळी काढून ठीक केलं, पण ते पंधरा सेकंद मला अजून आठवतात. प्रवासासाठीची हलकी बीसीडी सव्वादोन-अडीच किलोंत मिळते. कपडे कमी न्या. पाच दिवस समुद्रावर कपडे कशाला लागतात?

पाण्याचा प्रश्न असेल तर तो आतल्या पाण्याचा आहे. प्रत्येक डाइव्हला इन्फ्लेटरमधून थोडं पाणी फुग्यात जातंच. बहुतेकजण बाहेरून धुतात आणि आत अर्धा-एक लिटर तसंच राहतं. हे करून बघा: आत गोडं पाणी भरा, तोंडाने फुगवा, उलटसुलट हलवा. मग उलटं धरून इन्फ्लेटरची नळी सगळ्यात खाली आणा आणि बटण दाबून ठेवा. शेवटचा थेंब येईपर्यंत. दोनदा. मग थोडी हवा ठेवून सावलीत टांगा, आतल्या भिंती एकमेकांना चिकटत नाहीत. विमानात मात्र बहुतेक हवा काढून.

तळठाव
गुरुवार, सकाळी ८.४०

शिंपला यांचं म्हणणं खरं आहे आणि खाजणकाठ यांचंही. वर्षाला चाळीस डाइव्ह करणाऱ्याने स्वतःचं न्यावं, हातांना सवय असते. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला स्वतःचं बीसीडीही अकरा महिन्यांनी परकंच वाटतं. भाड्याचं घेतलंत तर पहिल्या दिवशी किनाऱ्यावरच ते पूर्ण फुगवा, पाच मिनिटं तसंच ठेवा. हवा गळते का बघा, आपोआप भरते का बघा, हवा सोडायची प्रत्येक दोरी ओढून बघा. कुणी घाई केली तरी करू द्या. शिंपला यांचे ते पंधरा सेकंद किनाऱ्यावर गेले असते.

निळीशाई
गुरुवार, दुपारी १२.२०

मास्क घेतला! माहीमला दोन तास बसून सात मास्क चेहऱ्याला लावून पाहिले. तळठाव काका, तुम्ही सांगितलंत तसं हात सोडून. सातवा राहिला. काचा बनवायला टाकल्यात.

एक विचारायचंय. कोर्सच्या वेळी माझ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह (अजून उडू नका सांगणारं) अकरा तासांत गेलं होतं. मग १८ का पाळायचे? कॉम्प्युटरने तर माझ्या खऱ्या डाइव्ह मोजल्यात ना?

तळठाव
गुरुवार, दुपारी ३.३०

कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतो. तुमच्या शरीरात किती नायट्रोजन उरला ते मोजत नाही, एका गणितावरून अंदाज बांधतो. तुम्ही आदल्या रात्री नीट झोपलात का, पाणी किती प्यायलात, बोटीवर टँक किती ओढलेत, हे त्याला कळत नाही. दोन आकडे वेगळे आले तर मोठा धरायचा. विमान हुकलं तर दुसरं मिळतं.

आणि डायव्हिंगचा विमा काढा, त्यातला फोन नंबर कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा. सेंटरला पहिल्याच दिवशी विचारा, जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आहे आणि तिथपर्यंत कसं नेता. हे विचारल्यावर जिथे गडबडून इकडेतिकडे बघतात तिथे मी डाइव्ह करत नाही.

ठाण्याची_खाडी
गुरुवार, रात्री १०.१५

परतल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मालवण पावसाळ्यात बंद, अंदमानलाही आपण जूनमध्ये जात नाही, म्हणजे मुंबईच्या हवेत हे सामान चार महिने घरात पडून राहतं. बुरशी तेव्हाच धरते. माझा पहिला वेटसूट मी घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला होता. ऑक्टोबरमध्ये काढला तर घडीच्या रेषेवर निओप्रीन कायमचं दबलेलं आणि पाठीवर पांढरी जाळी.

आता जाड हँगरवर टांगते, पातळ तारेच्या नाही, खांद्याला खाच पडते. खिडकीच्या ग्रिलला टांगू नका. उन्हाने निओप्रीन कडक होतं, शिवाय आमच्याकडे खिडकीखाली रस्ता आहे, महिन्याभरात काळा थर बसतो. बाथरूममधल्या वाळत घालायच्या दांडीवर, पंखा लावून, आधी उलटा करून आतली बाजू. कोरडा झाल्यावर दोन दिवस आणखी टांगून ठेवा, कारण कोरडा वाटतो तेव्हा शिवणी ओल्याच असतात. मगच कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या. जुलैत एखाद्या उघडिपीच्या दिवशी सगळं बाहेर काढून वारा द्या, लोणच्याच्या बरण्या बघतो तसं. आमच्याकडे पाणी सकाळी दोनच तास येतं, त्यामुळे परतल्यावरच्या धुण्यासाठी दोन पिंपं आदल्या दिवशी भरून ठेवायला आईला सांगूनच मी निघते.

कुडाळकर_परळ
शुक्रवार, सकाळी ९.०५

ठाण्याची खाडी ताई, लोणच्याच्या बरण्यांचं अगदी पटलं. आमची आजीही श्रावणात गोधड्या बाहेर काढायची.

लोकल_९०४
शुक्रवार, सकाळी ११.४०

मालदीवला किंवा श्रीलंकेला जाणाऱ्यांसाठी: महागडा कॅमेरा, हाउसिंग, नवा रेग्युलेटर नेत असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतल्यावर ही वस्तू बाहेर विकत घेतली का असं विचारलं तर दाखवायला होतं. बिलं आणि सीरियल नंबरांचे फोटो फोनमध्ये ठेवा. चेक-इनच्या आधीच करावं लागतं, वस्तू दाखवावी लागते, म्हणून तासभर लवकर निघा.

शिंपला
शुक्रवार, दुपारी १.१५

आणि परतीच्या बॅगेत प्रवाळाचा तुकडा नको, किनाऱ्यावर मेलेला सापडला असला तरी. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, काही शंखांनाही. अंदमानहून निघताना बॅगा तपासतात. पोरांना आधीच सांगून ठेवा, ती खिशात घालतात. मी आयडी शिंपला घेतलाय आणि घरात एकही शिंपला नाही.

खाजणकाठ
शनिवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी बसून भरली. मुलीने हुकवाला काटा दाराच्या कडीला अडकवून धरला, मी लिहून घेत गेले.

शिंपला, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. तरी या खेपेला बीसीडी घरी ठेवतेय. तळठाव म्हणाले ते माझ्या बाबतीत खरं आहे, माझं स्वतःचं जॅकेट मी वर्षातून दहा दिवस घालते. ते बॅगेत टाकलं तर आकडा १४.९ होतो, आणि मग परतीच्या ओलीला जागाच उरत नाही. सेंटरला फोन केला. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी येऊन जॅकेट फुगवून तपासणार असं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, या, मी स्वतः काढून ठेवते. मापही विचारून घेतलं.

आता चेक-इनची बॅग १२ किलो. फिन्स दोन्ही कडांना उभे, त्यांच्या मधे वेटसूट गुंडाळी करून, घडी नाही. बुटांत पुरवण्या. पृष्ठभागावर फुगवायची नारिंगी सॉसेज (बोटीला आपण दिसावं म्हणून लांबट फुगा) आणि तिची रीळ. सुटे भाग एका औषधाच्या डबीत: मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा, माउथपीस, झिप टाय, पाच-सहा ओ-रिंग. दोरा कापायचा कटर खाली फिन्सपाशी. हातातली ६ किलो: रेग्युलेटर, दोन्ही मास्क, कॉम्प्युटर, टॉर्च, बॅटऱ्या डबीत, कॅमेरा, त्याची ओ-रिंग वेगळी. चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा पोचली तरी यावर मी पाण्यात जाऊ शकते, बाकीचं तिथे भाड्याने मिळेल. सर्टिफिकेशन कार्ड आणि विम्याचा नंबर पासपोर्टच्या कव्हरमध्ये.

परतीचं वेळापत्रक कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलंय. गुरुवार सकाळी १०.३० शेवटची डाइव्ह संपली. ११.३० ते १२ रेग्युलेटर खोलीवरच्या पाण्यात, टोपी लावून, बटण न दाबता. १२ पासून सूट आणि बूट दोरीवर. २, ४ आणि ६ ला पुरवण्या बदलायच्या. शुक्रवारी सकाळी फेरी, दुपारी १.४५ चं विमान. सव्वासत्तावीस तास होतात.

दहा मीटर सुती दोरी आणि बारा चिमटे सगळ्यात वर ठेवलेत, उतरल्यावर पहिल्यांदा हाताला लागतील असे.